कॅम्परव्हॅनला पॉप-टॉप बसवताय? आधी खालचा पत्रा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिल्टन कीन्समधलं चौघांचं मराठी कुटुंब. गाडी २०१७ ची फोक्सवॅगन ट्रान्स्पोर्टर टी-६, शॉर्ट व्हीलबेस (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली), मागे वर उचलायचं एकच दार. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. उन्हाळ्यात भारतातून आई येते, तेव्हा एकाला बाहेर तंबूत झोपावं लागतं. वर उघडणारं छप्पर, म्हणजे पॉप-टॉप, बसवायचं ठरलंय. तीन कोटेशनं आली आहेत: ३,२०० पौंड, ४,४०० पौंड आणि ५,८०० पौंड. त्यांचं म्हणणं असं की फोटोत तिन्ही छपरं सारखीच दिसतात, मग अडीच हजारांहून जास्त फरक कशाचा? आणि पुढून उंच होणारं घ्यावं की मागून?

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडमध्ये हात काळे करून इकडे आलो आणि गेली पंधरा वर्षं वेस्ट मिडलंड्समधल्या एका वर्कशॉपात व्हॅनची छपरं कापतोय. त्यामुळे माझं उत्तर थोडं कापणाऱ्याच्या बाजूने येईल, ते सांभाळून घ्या.

वरून दिसणाऱ्या टोपणात फरक असतो, पण तो पाच-सातशे पौंडांचा. बाकीचा पैसा जातो तो गाडीचं मूळ छत कापल्यावर त्या भोकाच्या कडेला काय बसवतात, किती वेळ घेऊन बसवतात आणि त्याची आधी कुठे चाचणी झालीय का, यात. लोक शोरूममध्ये येतात, कापडाचा रंग बघतात, खिडक्या मोजतात, गादीवर झोपून बघतात. खाली वाकून कडा कोणीच बघत नाही.

कापण्याचा दिवस एकदा डोळ्यांनी बघितला की कोटेशन कसं वाचायचं ते आपोआप कळतं. सकाळी आधी बॅटरीची तार सोडवायची. छताचं अस्तर, दिवे, हँडल, सगळं बाहेर. आतून जाड चादरी अंथरायच्या, डॅशबोर्ड आणि काचा झाकायच्या. मग वर चढून मापं घ्यायची, रेघ मारायची, रेघेवर मास्किंग टेप, चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं आणि मग जिगसॉ. छताचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो. पातं त्यात शिरलं की अख्खी गाडी ताशासारखी वाजते, शेजारच्या गाडीवर काम करणारा फोन घेऊन बाहेर निघून जातो. शेवटची वीतभर रेघ उरली की दोघांनी आत उभं राहून पत्रा तळहातांवर उचलून धरायचा, नाहीतर तो आपल्याच वजनाने लोंबतो आणि कोपऱ्यात फाटतो. तुकडा निघाला की गाडीत एकदम उजेड पडतो. गिऱ्हाईक तिथे उभं असेल तर त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वीस हजारांची गाडी, आणि वर वर्कशॉपचं छत दिसतंय.

त्या पत्र्याबरोबर आणखी काहीतरी जातं. छताच्या आतून आडव्या पट्ट्या असतात, गाडीच्या दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांना धरून ठेवणाऱ्या. पॉप-टॉपसाठी त्यातल्या मधल्या पट्ट्या कापाव्याच लागतात. जुन्या माडीच्या घरातली तुळई काढायची तर आधी टेकू लावतात, मग दुसरीकडून भार उचलणारं काहीतरी घालतात. इथेही तेच. भोकाच्या कडेने पोलादी चौकट बसते आणि ती गेलेल्या पट्ट्यांचं काम करते. स्वस्तातल्या किटमध्ये ही चौकट दोन-चार सुट्या पट्ट्यांची असते, कोपऱ्यात एकमेकांना नुसत्या टेकलेल्या. चांगल्या किटमध्ये ती त्या विशिष्ट गाडीच्या वळणाप्रमाणे घडवलेली, सलग, गोंद आणि बोल्ट किंवा रिव्हेट दोन्हींनी पकडलेली असते. नुसत्या गोंदाला नाक मुरडायचं कारण नाही. आजकालच्या गाडीची पुढची काचही गोंदावरच उभी असते. पण तो कसा लावलाय याला सगळी किंमत.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक गाडी आमच्याकडे आली. छप्पर दुसरीकडे बसवलेलं, त्याला चार वर्षं झालेली. तक्रार काय, तर मधल्या सीटबेल्टवर चहा सांडल्यासारखे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. अस्तर खाली घेतलं. बेल्टच्या वरच्या बोल्टमागून पाण्याची तपकिरी रेघ उतरलेली. ती धरून वर गेलो तर कापलेली कड जशी जिगसॉतून निघाली तशीच, उघडी. प्रायमरचा हात नाही. कापताना पडलेला लोखंडाचा कीस बाजूच्या खोबणीत तसाच राहिलेला, आणि प्रत्येक कणाभोवती गंजाचा एक ठिपका, मोहरी सांडल्यासारखा. मागच्या डाव्या कोपऱ्यात सीलंटमध्ये करंगळीच्या नखाएवढी फट. पाणी आत यायला तेवढी पुरली. छप्पर काढा, गंज खरवडा, चौकट पुन्हा बसवा, अस्तर बदला, या सगळ्याला मूळ छपराच्या निम्म्याहून जास्त खर्च आला. ज्याने बसवलं होतं त्याचा धंदा तोवर बंद झाला होता, त्यामुळे हमीच्या कागदाचा उपयोग शून्य.

म्हणून तिन्ही दुकानांना फोन करून हे विचारा. कापलेल्या कडेला काय लावता आणि ते सुकायला किती वेळ देता? उत्तर झिंक प्रायमर असं पटकन आलं पाहिजे. ‘सगळं सीलंटखाली झाकलं जातं’ असं म्हणाले तर तिथेच आभार मानून फोन ठेवा. कीस कसा काढता? आमच्याकडे चुंबक, व्हॅक्यूम आणि मग पुन्हा चुंबक. गाडी किती दिवस ठेवून घेता? चौकटीसाठी वापरतात तो पॉलीयुरेथेनचा गोंद हवेतल्या ओलाव्याने आतपर्यंत सुकत जातो, चांगल्या हवेत दिवसाला तीन-चार मिलिमीटर, थंडीत त्याहून सावकाश. जानेवारीत ‘सकाळी आणा, संध्याकाळी न्या’ म्हणणाऱ्याकडे निदान गरम ठेवलेली शेड आहे का ते बघा. आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा. जो नीट काम करतो त्याला फोटो द्यायला आवडतं.

चाचणीबद्दल एक घोळ नेहमी होतो. दुकानदार सांगतात, ‘सगळं एम-१ टेस्टेड आहे.’ बहुतेक वेळा ते मागच्या बाकड्याबद्दल असतं. सीट आणि बेल्ट ओढून बघण्याची ती चाचणी आहे, आणि ती हवीच. पण तिचा छपराशी संबंध नाही. तुम्ही सरळ विचारा: ही चौकट आणि हे छप्पर माझ्याच मॉडेलवर, माझ्याच व्हीलबेसवर तपासलंय का, आणि तो कागद दाखवता का? रायमो, एससीए अशा जर्मन कंपन्यांच्या किटची किंमत जास्त असते, त्यातला एक वाटा या कागदाचा. जर्मनीत टीयूव्हीसारख्या तपासणीतून गेल्याशिवाय असा बदल गाडीच्या नोंदीत चढत नाही. ब्रिटनमध्ये आधीच रस्त्यावर असलेल्या व्हॅनचं छप्पर कापायला कोणाचाही शिक्का लागत नाही. उद्या कोणीही जिगसॉ घेऊन उभा राहू शकतो, आणि राहतातही. ब्रिटिश किटही चांगली असतात, काहींच्या चाचण्याही झालेल्या आहेत. देश बघू नका, कागद बघा.

तुमची गाडी साधी पॅनेल व्हॅन, म्हणजे मूळची मालवाहू, आहे की फोक्सवॅगनच्याच कॅरावेलसारखी प्रवासी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रवासी असेल तर मागच्या प्रवाशांसाठी छतातून गार-गरम हवेच्या नळ्या आलेल्या असतात. छप्पर कापलं की त्या जातात किंवा वळवाव्या लागतात. छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असेल तर त्या मॉडेलसाठी किट चालतं का हे लेखी घ्या. यावर ‘बघू’ हे उत्तर चालत नाही.

आता पुढून की मागून.

गाडीवर छप्पर उचलायचा खटाटोप जुना आहे. १९५० च्या दशकात केंटमधल्या फोकस्टनच्या डॉर्मोबाइलने बेडफर्डच्या व्हॅनला एका बाजूवर बिजागरी असलेलं छप्पर लावलं. ते आडवं उघडायचं, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, जत्रेतल्या पालासारखं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात अजून दिसतं. आज तुमच्यापुढे मुख्यतः तीन प्रकार येतील. मागे बिजागरी आणि पुढून उंच. पुढे बिजागरी आणि मागून उंच. आणि चारही बाजूंनी सरळ वर जाणारं, कात्रीसारख्या पायांचं.

ब्रिटनमधल्या बहुतेक व्हॅनमध्ये सरकतं दार डावीकडे आणि ओटा उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. मागे बाकडं, रात्री त्याचाच पलंग होतो. इथे सगळे त्याला रॉक अँड रोल बेड म्हणतात. म्हणजे दिवसा उभं राहायची जागा एकच: दार आणि ओटा यांच्यामधली, पुढच्या सीटमागची. शॉर्ट व्हीलबेसमध्ये ती चौरंग मांडण्याएवढी असते. चहा तिथेच होतो, पँट तिथेच बदलतात, मुलांची भांडणंही तिथेच. उंची तिथे हवी. म्हणून तुमच्या गाडीला पुढून उंच होणारं. वर चढतानाही पुढच्या सीटवर पाय देऊन जाता येतं आणि डोकं उंच बाजूला येतं. मागून उंच होणारं मी त्यांना सुचवतो ज्यांचा ओटा मागच्या दाराशी आहे किंवा ज्यांना गाडीत बसून मागचं दार उघडून समुद्र बघायचाय. सरळ वर जाणाऱ्यात सगळीकडे डोकं मोकळं राहतं, पण कापड जास्त, सांधे जास्त, वारा चारही बाजूंनी. एवढ्या छोट्या गाडीला मला ते पटत नाही.

वाऱ्याचं मी स्वतःच्या कातडीवर शिकलो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डर्नेसला गेलो होतो, मी, बायको आणि दोन पोरं. समुद्र दिसावा म्हणून गाडीचं तोंड समुद्राकडे करून लावली. पंधरा वर्षं लोकांना सांगणारा माणूस, आणि देखाव्यापुढे स्वतःचंच विसरला. आमचं छप्पर पुढून उंच, वारा समोरून. रात्री दोनला कापड थापटायला लागलं, आधी सावकाश, मग कोणी बाहेरून पोतं आपटावं तसं. छप्पर प्रत्येक झोताला दोन बोटं वर जाऊन परत बसत होतं. पोरांना अंथरुणासकट खाली ओढलं, पावसात कापड आत कोंबलं, छप्पर बंद केलं आणि चौघं जण एकशेवीस सेंटिमीटर रुंदीच्या पलंगावर सकाळपर्यंत कडेला कडा लावून. बायको अजून समुद्र दिसला की माझ्याकडे बघते.

बिजागरीची बाजू वाऱ्याकडे करायची, एवढंच लक्षात ठेवा. तुमच्या छपराला ती मागे असेल, म्हणजे गाडीची पाठ वाऱ्याला. मग मागचं मोठं दार उघडताना मात्र दोन्ही हातांनी धरा, कारण ते आता शिडासारखं आहे.

झोपायचं कोण कुठे? तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला वर झोपवू नका. घरातल्या दुमजली पलंगासाठीही सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये अशी सूचना असते, आणि इथे तर कठडा म्हणून फक्त कापड आणि जाळी. मुलगी आणि तुमच्यापैकी एक जण वर, बाकीचे खाली. आई असेल तर आई खालीच. पासष्टीतल्या माणसाला सीटच्या पाठीवर पाय देऊन वर चढवायचं, आणि रात्री तीनला बाथरूमसाठी अंधारात उतरवायचं, हे शोरूममध्ये कोणी करून दाखवत नाही. म्हणजे आई आल्या की तंबू सुटत नाही, हे आत्ताच कबूल करा. पॉप-टॉपने चौघांची सोय होते, पाचव्याची नाही. वरच्या फळीची भारमर्यादा किटच्या कागदावर लिहिलेली असते, ती दुकानदाराच्या तोंडून नको, कागदावर वाचा.

एक माप सगळे विसरतात: छप्पर बंद असतानाची डोक्यावरची उंची. टी-६ च्या आत मूळ पत्र्यापर्यंत जेमतेम १.४१ मीटर मिळतात. पॉप-टॉप बसलं की वरची फळी आणि गादी घडी होऊन तिथेच येऊन बसते. मागच्या बाकड्यावर उंच माणूस बसला तर काही छपरांत केस फळीला घासतात. कोटेशन पक्कं करण्याआधी तुमच्यातल्या सगळ्यात उंच माणसाला अशा गाडीत, छप्पर बंद करून, बाकड्यावर ताठ बसवा. मिनिटभराचं काम आहे, आणि मोटरवेवरचे चार तास वाचतात.

कापडाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सांगतो, पण निर्णय त्यावर घेऊ नका. सुती मिश्रणाचं कापड श्वास घेतं, घडी बसते, पण ओलं राहिलं तर लवकर बुरशी धरतं. प्लास्टिकचा थर असलेलं पावसाला पक्कं, पण आतून घाम येतो. ॲक्रिलिकचं मधलं, महाग, आणि माझ्या मते बरं. खिडक्या तीन असल्या की जुलैमध्ये बरं वाटतं, मार्चमध्ये प्रत्येक झिपेतून गार झुळूक येते. खिडकीला आतून जाळी आहे का एवढं नक्की बघा. स्कॉटलंडात मिज नावाची चिलटं असतात, मिठाच्या दाण्याएवढी, आणि ती चावतात. साध्या जाळीतून आत येतात. बारीक विणीची मागा.

ओलाव्याचं मात्र गांभीर्याने घ्या. एक माणूस रात्रभरात श्वासातून पेलाभर पाणी हवेत सोडतो. चौघं झोपलात की सकाळी ते पाणी कुठेतरी दिसणारच: कापडावर आतून, काचांवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या गादीच्या खाली. थंड फळी आणि गरम अंग यांच्यामध्ये ते साचतं. फळी पूर्ण बंद पाटीची असेल तर गादीखाली जाळीदार थर किंवा प्लास्टिकच्या स्प्रिंगा टाका, हवा खेळली पाहिजे. एका खिडकीची झिप रात्री चार बोटं उघडी ठेवा, थंडी असली तरी. डिझेल हीटर असेल तर कोरडी हवा मिळते, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय गाडीत काहीही जळणारं चालू करून झोपू नका. आणि ओलं छप्पर बंद करून घरी आलात तर त्याच संध्याकाळी ड्राइव्हवेत उघडून सुकवा. नाही केलंत तर आठवड्याने दार उघडल्यावर जो वास येईल, तो कोल्हापूरच्या जुलैत आठ दिवस न सुकलेल्या शाळेच्या गणवेशाचा.

बंद करतानाची एक खुबी. छप्पर खाली घेण्याआधी सरकतं दार किंवा एक खिडकी उघडी ठेवा. नाहीतर आत अडकलेली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते रबर आणि छपराच्या मध्ये सापडतं. कापड आत ओढून घेणारी लवचिक दोरी बहुतेक किटमध्ये असते, तरी गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय निघायचं नाही. कापडाची चिमूट बाहेर राहिली तर पावसात ती वातीसारखी पाणी आत शोषते.

उंचीचा हिशोब घराच्या दारापासून करा. टी-६ मूळचीच १.९९ मीटर. पॉप-टॉपने त्यात पाच ते दहा सेंटिमीटर भर पडते. ब्रिटनमधल्या जुन्या गॅरेजची दारं साडेसहा फुटांची असतात, म्हणजे १.९८ मीटर, तिथे तुमची गाडी आजही जात नसेल. पण समुद्रकाठच्या कार पार्कना आडवे दांडे असतात, कुठे दोन मीटर, कुठे २.१. दहा सेंटिमीटरचं छप्पर आणि पाच सेंटिमीटरचं छप्पर यात फरक तिथे पडतो. फ्रान्सला चॅनल टनेलमधून जाणार असाल तर १.८५ मीटरवरच्या गाड्या उंच डब्यात जातात, तुमची तशीही त्यातच मोडते. बसवून झालं की खरी उंची टेपने मोजा आणि चिठ्ठी सन व्हायझरच्या मागे चिकटवा. कार पार्कच्या तोंडाशी, मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असताना, कोणाला काही आठवत नाही.

वजनाचं थोडक्यात: छप्पर, चौकट, फळी, गादी मिळून शंभर किलोच्या आसपास धरा, आणि ते सगळं गाडीच्या डोक्यावर. तुमची गाडी टी-२८ असेल तर भरलेल्या गाडीची मर्यादा २,८०० किलो. ओटा, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, चार माणसं आणि आईने आणलेला फराळाचा डबा, बेरीज करून बघा. काम झाल्यावर भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालून आणा.

कागदपत्रांत एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं पॉप-टॉप बसवलं की डीव्हीएलए, म्हणजे ब्रिटनचं वाहन नोंदणी खातं, गाडीच्या नोंदीत ‘व्हॅन’चं ‘मोटर कॅरॅव्हॅन’ करून देईल. तसं होत नाही. बाहेरून गाडी मोटर कॅरॅव्हॅन दिसली पाहिजे असा त्यांचा निकष आहे, त्यात कायमचं उंच छप्पर मोजलं जातं, आणि वर उघडणारं मोजलं जात नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे ‘नोंद बदलून मिळेल’ असं सांगून कोणी छप्पर विकत असेल तर त्याला तो नियम दाखवा. नोंद बदलली नाही म्हणून गाडी वापरायला अडत नाही. विमा कंपनीला मात्र कापण्याआधी कळवा. नंतर कळवलं तर ते प्रश्न विचारतात, आणि अपघातानंतर कळलं तर उत्तरच देतात.

विजेवर उचलणारं की हाताने? हाताने. १९९० च्या दशकातल्या मझदा बोंगोची विजेवर उचलणारी छपरं दुरुस्त करून माझं मत झालंय, पण ती जपानने निदान कारखान्यात बसवलेली होती. हाताच्या छपराला गॅसचे दोन दांडे लागतात. ते थंडीत थोडे मऊ पडतात, वीस अंशांवरून शून्यावर आलात की दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो, म्हणून हिवाळ्यात खांदा लावावा लागतो. छपरावर सोलर पॅनेल चिकटवायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, जास्त ताकदीचे दांडे मिळतात. छतावर सायकली किंवा पेटी ठेवायचं मात्र विसरा. कुलूप नीट लागलं नसताना इंजिन चालू केलं तर वाजणारा बझर जरूर लावून घ्या, पन्नास पौंडांत होतो.

पुण्याचा माझा मावसभाऊ हे सगळं ऐकून म्हणाला, फोर्स ट्रॅव्हलरला करू या की, तू ये डिसेंबरात. भारतात गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते घट्ट केलं. तिथे मान्यता घेतलेली कॅरॅव्हॅन विकत घ्यावी किंवा भाड्याने. जिगसॉ घेऊन मी डिसेंबरात फक्त कोल्हापूरला गेलो, आईच्या माळ्याची फळी कापायला.

तर तुमच्यासाठी: पुढून उंच होणारं, कमी उंचीचं, टी-६ शॉर्ट व्हीलबेसवर चाचणी झाल्याचा कागद असलेलं. तुमच्या तीन कोटेशनांत मी ४,४०० वाल्याकडे आधी जाईन. त्याच्याकडे कागद आणि फोटो असतील तर ५,८०० वाल्याच्या जादा पैशात बहुधा रंग आणि शिवणकामच आहे. ३,२०० वाल्याला प्रायमरचा प्रश्न विचारून बघा, उत्तर चांगलं आलं तर मी चुकीचा ठरलो असं समजा, मला आनंदच होईल. आणि तिघांनाही म्हणा, पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं छप्पर दाखवा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत अस्तरावर तळहात फिरवा. कोरडं आणि थोडं खरखरीत लागलं पाहिजे. रंग पांढरा किंवा गाडीच्या रंगाचा घ्या. काळा दिसतो छान, पण ऑगस्टमध्ये दुपारी मुलगी वर पुस्तक घेऊन बसणार असेल तर नको.

बुकिंग ऑक्टोबरच्या आधी करा. मार्चपासून सगळ्यांना ईस्टरच्या आत गाडी हवी असते, आणि घाईतलं सीलंट कसं असतं ते वर लिहिलंच आहे.